चर्चगेटकडे पाठ करून चार दिवस

"फोटो काढायला नालासोपाऱ्याला?" आईने हे इतक्या वेळा विचारलं की शेवटी मी "मैत्रिणीकडे चाललेय" असं सांगून मोकळी झाले. तिचंही चुकत नाही म्हणा. कॅमेरा घेऊन लोक लडाखला जातात, अगदीच काही नाही तर आंबोलीला, आणि मी शुक्रवारची रजा टाकून २६ जानेवारीला जोडून चार दिवस काढले ते कशासाठी, तर शहर जिथे संपतं तिथे उभं राहून अर्धवट रस्ते, पत्र्याची कुंपणं आणि माळावर एकटीच उभी असलेली पाण्याची टाकी टिपायला.

हे खूळ आलं कुठून ते एकदाच सांगते. १९७५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. दहा फोटोग्राफर, आणि काढलं काय, तर डेन्व्हरच्या कडेची नवीकोरी एकसारखी घरं, कॅलिफोर्नियातल्या कारखान्यांच्या कोऱ्या भिंती, मोकळे पार्किंग. रॉबर्ट ॲडम्स, लुईस बाल्ट्झ ही त्यातली मंडळी. एकटा स्टीफन शोअर सोडला तर सगळे कृष्णधवल. ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटलं, अरे हे तर आपलं विरार, फक्त माणसं काढून टाकलेलं. म्हटलं आपल्याकडे जमतंय का बघू. (नाही जमत. येईलच पुढे.)

ठरवलं असं की चारही दिवस चर्चगेट-सीएसएमटीचं तोंड बघायचं नाही. विरारपासून सुरू करून वसई, दिवा, तळोजा, उरण असं कडेकडेने फिरायचं. मधल्या दोन दिवसांना डोंबिवलीचा मावसभाऊ सोबत. तो रेडीमिक्सच्या प्लांटवर इंजिनीअर आहे, त्याला फोटोत काडीचा रस नाही पण बांधकाम दिसलं की बोलायला लागतो.

शुक्रवार – नालासोपारा

सकाळी सहाला गोरेगावहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा, तीही खिडकीची! उलट्या दिशेला प्रवास करण्यातलं सुख काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारात माणसं लटकलेली आणि आपण पाय पसरून थर्मासमधला चहा पितोय, थोडं अपराधी वाटतं पण तेवढ्यापुरतंच.

नालासोपारा ईस्टला उतरून पेल्हारकडची शेअर रिक्षा धरली. ड्रायव्हरला म्हटलं शेवटच्या स्टॉपला सोडा. तो आरशातून बघत म्हणाला, "शेवटचा असा नसतो मॅडम, दिवाळीपर्यंत इथे होता, आता तिकडे गेलाय." आणि खरंच तो जिथे थांबला तिथे स्टॉपची काही खूण नव्हती, एक नारळपाण्याची गाडी आणि राबिटचा ढीग. पुढे तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत बैठ्या चाळी, त्यांच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या पाच-सात मजल्यांच्या बिल्डिंगी, आणि मध्येच एका तबेल्यात म्हशी रवंथ करत बसलेल्या.

इथे मला पहिला फोटो मिळाला. एका चाळीच्या टोकाला पत्र्यावर प्लास्टिकऐवजी जुना फ्लेक्स ताणून बांधला होता, बिल्डरच्या जाहिरातीचा. त्यावर निळाशार स्विमिंग पूल, कडेला पाय सोडून बसलेली गोरी बाई, आणि फ्लेक्स उडू नये म्हणून बरोब्बर पुलाच्या मधोमध ठेवलेले दोन टायर. पूल वर आणि खाली दारात पाण्याचे निळे ड्रम ओळीने. मी समोरच्या चढावर जाऊन फ्रेम लावतेय तोवर खालून एक मावशी झाडू हातात घेऊन बाहेर आल्या.

"महापालिकेकडून का?"

नाही म्हटलं.

"मग मोजणीला?"

तेही नाही. मावशींचा विश्वास बसेना. त्यांनी शेजारणीला हाक मारली, शेजारणीने नवऱ्याला, दोन मिनिटांत सात-आठ जण. कुणीतरी कॅमेरा घेऊन मोकळ्या जागेचे फोटो काढतंय म्हणजे काहीतरी पाडणार किंवा काहीतरी बांधणार, तिसरं कारणच नसतं इकडे. शेवटी मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्यांना तो फ्लेक्स दाखवला. मावशींनी बघितलं, वर बघितलं, आणि त्या हसायलाच लागल्या. चार वर्षं त्या छपराखाली राहतात पण वरून काय दिसतं ते कधी बघितलंच नव्हतं. मग काय, "आता आमचा काढा." आठ जणांचा ग्रुप फोटो. माणसं नसलेले फोटो काढायचा बेत साडेआठ वाजता संपला.

इथेच एक सांगून ठेवते. आधी बोला, मग कॅमेरा बाहेर काढा. मी उलट केलं म्हणून सगळा गोंधळ. नळावरच्या बायका आणि मुलं यांचे फोटो विचारल्याशिवाय नकोच. आणि काढलेला फोटो दाखवा, त्याने निम्मं टेन्शन जातं. ट्रायपॉड दिसला की लोकांना मोजणीचं मशीन वाटतं, तेव्हा अशा वस्तीत तो बॅगेतच बरा.

दुपारी वेस्टला सोपारा गावात गेले. बिल्डिंगींच्या गर्दीत रस्त्याला लागूनच बौद्ध स्तूप आहे, लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, आणि याच गावात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे सोपाऱ्याचं शूर्पारक हे नाव दोन हजार वर्षांहून जुनं, आणि आपण "काय ते सोपारा" म्हणून नाक मुरडतो. मी स्वतः कॉलेजात असताना मुरडलंय. स्तुपापाशी दोन पोरं अभ्यास करत होती, बाकी शुकशुकाट.

संध्याकाळी विरारच्या पुढे वैतरण्याला जायचा विचार होता. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, पण विरारनंतर गाड्या इतक्या विरळ आहेत की एक चुकली आणि मी प्लॅटफॉर्मवरच वडापाव खाऊन परत फिरले.

शनिवार – जूचंद्र, खारबाव, भिवंडी

वसई रोडहून दिव्याला जाणारी मेमू फार थोड्यांना माहीत असते. दिवसातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या. ज्यांना ही लाइन करायची असेल त्यांनी वेळापत्रक पाठ करूनच निघा, आम्ही केलं नाही, भोगलं.

पहिलंच स्टेशन जूचंद्र. आगरी गाव, आणि रांगोळीचं गाव म्हणून प्रसिद्ध. गावामागच्या टेकडीवर चंडिका देवीचं देऊळ आहे, आम्ही आधी तिथे चढलो कारण मला उंचावरून मिठागरं हवी होती. वर पोचलो तर समोर सगळं धुरकं! जानेवारीतली सकाळ, खाडीवरचं धुकं आणि त्यात बांधकामांची धूळ. मिठागरांचे चौकोन कसेबसे दिसत होते आणि त्यांच्या पलीकडे नायगावचे टॉवर म्हणजे कुणी पेन्सिलने काढून खोडरबर फिरवल्यासारखे. माझा चेहरा पडला. तशी त्या प्रदर्शनातलं बेशर नावाचं जर्मन जोडपं मुद्दाम ढगाळ दिवसाची वाट बघायचं, सावल्या पडू नयेत म्हणून, तेव्हा आपल्याकडे हा उजेड फुकट मिळतोय असं मी भावाला ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, फुकट नाय, आपण श्वासातून भरतोय."

खाली उतरताना एका घराच्या ओटीवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा गुडघ्यावर बसून रांगोळी काढत होता. २६ जानेवारीसाठी, शेतकऱ्याचा चेहरा, जवळजवळ चार फूट. आम्ही तासभर तिथेच बसलो. चिमटीतून रंग सोडताना तो अंगठा अगदी नकळत फिरवत होता आणि गालावरच्या सुरकुत्या आपोआप उमटत होत्या. चेहऱ्यामागे त्याने शेत आणि डोंगर घेतला होता. डोंगराचा रंग करताना त्याने हिरव्यात पांढरी मिसळली, मागच्या डोंगराला अजून पांढरी, त्याच्या मागच्याला जवळजवळ पांढरीच. मी विचारलं तर म्हणाला, "लांबचं फिकट करायचं, नायतर सगलं एकाच भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसतं." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश. परत टेकडी चढले. भाऊ खालीच बसला. या वेळी धुरक्याशी भांडले नाही: पुढे देवळाच्या कठड्याचा काळा कोपरा, मग मिठागराचे बांध, मग टॉवर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा फिकट. अख्ख्या ट्रिपमधले माझे आवडते तीन फोटो तिथले आहेत आणि त्यांचं श्रेय त्या मुलाला.

जेवण गावातच एका घरगुती खानावळीत झालं. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वर कच्चा कांदा. भाकरी इतकी पातळ की भावाने चौथी घेतल्यावर वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, "मोजू नको रे, खा."

दुपारची मेमू धरून खारबावला उतरलो. भिवंडी तालुका, रुळाच्या एका बाजूला शेतं, दुसरीकडे वीटभट्टी. अर्ध्या तासात फोटो उरकून परत आलो तर गाडी नुकतीच गेलेली, आणि पुढची... जाऊ दे. स्टेशनवर एक आजोबा शेळीला पाला खाऊ घालत होते. मी त्यांना विचारलं, ते पलीकडचं पत्र्याचं कुंपण घातलेलं मोकळं मैदान, ते काय आहे. ते म्हणाले मैदान कसलं, ती आमची कोलीमाची शेती. कोलीमाची म्हणजे काय ते त्यांनाही सांगता येईना, आजाही तेच म्हणायचा म्हणाले. मी फोनमध्ये त्या फोटोला ‘निनावी २७’ असं नाव दिलेलं होतं. ते खोडलं.

शेवटी शेअर टेम्पोने भिवंडी. रस्त्याने दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन, मैलोनमैल निळे-पांढरे पत्रे, मध्येच हिरवा भाताचा तुकडा आणि त्यात बगळा. इथेच का एवढी गोडाऊन, तर भाऊ म्हणाला जकात. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात भरायची, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीच्या गावांत उतरवून ठेवायचे आणि लागेल तसा आत न्यायचे. २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोडाऊन मात्र वाढतच राहिली. म्हणजे एका नाक्यामुळे एवढी जमीन पत्र्याखाली गेली, आणि आता तो नाकाच नाही. लेन्ससाठी सांगायचं तर इथे वाइड लावू नका, सगळं लांब पळतं. मी ३५ एमएमवरच राहिले आणि पायांनी झूम केलं.

रात्री डोंबिवलीला मावशीकडे. मावशीने कॅमेऱ्यात फोटो बघून विचारलं, "यात बघायचं काय?" मी बगळा दाखवला. "हां, हा छान आलाय."

रविवार – दिवा, निळजे, तळोजा

दिव्याबद्दल फार लिहीत नाही. फाटकाजवळ सकाळी एवढी गर्दी होती की कॅमेरा छातीशी धरून फक्त पुढे ढकलली गेले. दिवा-पनवेल लाइनवरचं निळजे मात्र वेगळंच प्रकरण. जुनं गाव, तळं, कट्ट्यावर पत्ते कुटणारी मंडळी, आणि तळ्याच्या पाण्यात तीस-तीस मजल्यांची प्रतिबिंबं. भाऊ इथे खुलला. एका चालू साइटकडे बोट दाखवून म्हणाला हे मायवान शटरिंग, ॲल्युमिनियमचे साचे, भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात, आठवड्याला मजला चढू शकतो. "म्हणून सगळ्या बिल्डिंगी सारख्या दिसतात ताई, साचा एकदा बनवला की तो शंभरदा वापरल्याशिवाय परवडत नाही." मी इतकी वर्षं समजत होते की आर्किटेक्ट आळशी असतात.

तिथून तळोजा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीतली कुत्री निळी झाली होती, आठवतंय का? कारखान्यातला रंग कासाडी नदीच्या पाण्यात. मला वाटलं त्याची काही खूण दिसेल. कुत्री भरपूर भेटली, सगळी तपकिरी, आणि त्यातली दोन आमच्या मागे लागली. तेव्हा टीप: बॅगेत पार्ले-जी ठेवा. पळू नका.

फेज टूच्या बाजूला एका मोठ्या संकुलाबाहेर वॉचमनने अडवलं. आम्ही सरकारी रस्त्यावर उभे होतो तरी फोटो डिलीट करा म्हणून हट्ट. मी वाद घालणार तेवढ्यात भावाने विचारलं, "गाव कंचं?" तो जालन्याचा निघाला. भावाची पहिली नोकरी जालन्याला झालेली. मग स्टूल आलं, चहा आला, फोटो राहिले. तो सांगत होता की रात्रपाळीला दोनच्या सुमाराला खारफुटीच्या बाजूने कोल्हे ओरडतात, गावाकडे लहानपणी ऐकले होते त्यानंतर थेट इथेच. "मुंबईत नोकरी लागली म्हणून आलो, आन् कोल्ह्याची राखण करतोय." खारघरच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत हे मी वाचलं होतं, पण तीसाव्या मजल्याखाली बसून ऐकणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

तळोज्याचा तुरुंग, कारखान्यांचे गेट, रेल्वेचे पूल याच्याकडे कॅमेरा रोखू नका, उगाच दिवस वाया जातो. बायकांसाठी अजून एक: या पट्ट्यात पब्लिक टॉयलेट नावालाच. पेट्रोल पंप आणि मेट्रो स्टेशन, हे दोनच भरवशाचे.

मेट्रो म्हणजे पेंधर-बेलापूरची. ११ किलोमीटर, ११ स्टेशनं, २०११ ला काम सुरू होऊन नोव्हेंबर २०२३ ला धावली. पहिल्या डब्यात उभं राहिलं तर उजवी-डावीकडे नवी मुंबई घडताना दिसते, एक प्लॉट टॉवर, एक प्लॉट गवत, एक प्लॉट क्रिकेट. आम्ही दोनदा गेलो-आलो.

सोमवार – द्रोणागिरी

भाऊ ड्युटीवर, मी एकटी. उरण लोकल. ही लाइन खारकोपरपर्यंत २०१८ ला आली आणि उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्याच दिवशी. खारकोपरनंतर डब्यात आम्ही नऊ जण. खिडकीतून खाडी, तिवरं, मग कंटेनरच्या रंगीत भिंती.

द्रोणागिरी म्हणजे मी शोधत होते ते अगदी पुस्तकातल्यासारखं. सहा पदरी रस्ता, दुभाजक, दिव्यांचे खांब, बसस्टॉपची शेड, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. सेक्टरची पाटी आहे, सेक्टर नाही. एका चौकात गाय बसली होती, ती उठेपर्यंत चाळीस मिनिटांत तीन ट्रेलर गेले. दुपारचा उजेड कडक झाला तशी पाणजेच्या पाणथळीकडे गेले, फ्लेमिंगो लांब होते, गुलाबी ठिपके. ऊन मात्र जानेवारी असून चटका देणारं. टोपी आणि दोन लिटर पाणी घेऊनच या, सावली नाही आणि दुकान कोसभर लांब.

चार वाजता एका मोकळ्या प्लॉटवर पाच-सहा बायका वाकून काहीतरी उपटताना दिसल्या. या वेळी आधी बोलले. भांबुर्डा! पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला लागणारा रानपाला.

"एकटीच आलीस? बस मंग."

पुढचे तीन तास कॅमेरा जवळजवळ बॅगेतच. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात, अंडी, बटाटे, परत शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं. पाण्याचा थेंब नाही. भोवती गवत-पालापाचोळा-लाकडं रचून जाळ. तोवर त्यातल्या एक आजी बोलत होत्या. हा प्लॉट साडेबारा टक्क्यातला. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळायला लागले. त्या लढ्यात आजींचे सासरे होते. कुठे जमीन होती तुमची, विचारलं तर त्यांनी बसल्या जागी माती थोपटली. "ही धाकटी खार. ती तकडं खांब हाय ना, तवर मोठी खार." म्हणजे मी सकाळपासून ज्या रस्त्याचे रिकामे म्हणून फोटो काढत होते तो मोठ्या खारीतून, त्यांच्या खाडीकाठच्या शेतातून जातो.

"बिल्डिंग झाली की भांबुर्डा कुठनं आणणार?" मी विचारलं.

"पुढच्या पलॉटवर," सूनबाई म्हणाली. "तो संपला की बग्गू."

डोक्यावरून नव्या विमानतळाकडे विमान खाली येत होतं. आजींनी मडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले, चर्र करून क्षणात उडाले. झाली. फोडली तेव्हा वाफेचा असा लोट आला की माझ्या लेन्सवर धुकंच धुकं, तो एकच फोटो काढला आणि त्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही.

परतीची लोकल आधीच बघून ठेवा, रात्री गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं. मी जवळजवळ धावतच गाठली.

घरी पोचले साडेदहाला. आजींनी बांधून दिलेल्या शेंगा आईपुढे ठेवल्या. तिने एक सोलली, दाणा तोंडात टाकला, दुसरी उचलून नाकाशी नेली, मग माझ्या केसांचा वास घेतला.

"मैत्रीण कुठे राहते म्हणालीस?"